खिडकीच्या अलीकडून: कॅथलिक शाळा चालवणाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय बिशप महोदय, व्रतस्थ संस्थांचे प्रमुख फादर, ब्रदर, सिस्टर आणि आपल्या शाळांचे मुख्याध्यापक,

सप्रेम नमस्कार.

मी शिक्षिका नव्हते आणि धर्मशास्त्र तर मुळीच शिकलेले नाही. एका व्रतस्थ संस्थेच्या शाळेत २७ वर्षं मी कार्यालयात लेखनिक होते, आणि त्यातली बरीचशी वर्षं फीच्या खिडकीशी गेली. खिडकीला जाळी, जाळीच्या खाली हात जाईल एवढी फट. चेहरे जाळीतून अर्धेमुर्धेच दिसत, त्यामुळे माणसं मी हातांवरून ओळखायची. नोटा मोजताना हात कसे चालतात ते पाहिलं की पुढचा हप्ता वेळेवर येणार की नाही, याचा अंदाज यायचा. शाळेचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या सिस्टरांनी मला अडचणीच्या काळात सांभाळून घेतलं, आणि मला जे सांगायचं आहे ते काही त्या एकाच शाळेचं नाही.

निवृत्तीच्या दिवशी टेबलाचा खण रिकामा करताना एक कोरा छापील अर्ज हाती लागला, तो मी घरी घेऊन आले. ‘फी सवलतीसाठी विनंती अर्ज’. चार पानं. वर शाळेचं बोधचिन्ह, त्याखाली गरिबांच्या सेवेबद्दलची एक ओळ. मग पालकाचं नाव, कामधंदा, महिन्याची मिळकत, घर स्वतःचं की भाड्याचं, कमावते किती, खाणारे किती, याआधी कुणाकडून मदत घेतली आहे काय. सोबत जोडायचे कागद वेगळेच: मिळकतीचा दाखला, धर्मगुरूंचं शिफारसपत्र, मागच्या इयत्तेचं गुणपत्रक. आणि सातवा रकाना: ‘सवलत का द्यावी?’ त्यापुढे दोन ओळींची जागा.

एकदा एक बाई हा अर्ज घेऊन उभी राहिली. तिला लिहिता येत नव्हतं. मी जाळीआडून विचारत गेले, ती सांगत गेली. ‘खाणारे किती’ हे विचारलं तेव्हा तिच्या मागे रांगेत सहा-सात जण होते आणि सगळ्यांना ऐकू जात होतं. तिने आकडा सांगितला तो जाळीला तोंड लावून. सातवा रकाना मी वाचून दाखवला. ती थोडी थांबली आणि म्हणाली, “लिहा बाई, पोरगी काही फार हुशार नाही. पण तिला शाळेत यायला आवडतं.”

मी तसंच लिहिलं. सवलतीचे अर्ज तपासणारी समिती काय शोधते हे मला चांगलं ठाऊक होतं, मी तिला सावध करायला हवं होतं. आठवड्याने अर्ज परत आला. कोपऱ्यात शेरा: ‘गुणवत्तेच्या निकषात बसत नाही.’ सहामाहीनंतर ती मुलगी हजेरीपटावर राहिली नाही. कुठे गेली, याची चौकशी मी केली नाही. ती चूक समितीची नव्हे, माझी.

तेव्हापासून एक गोष्ट मनात घर करून आहे. आपल्या शाळांत गरिबाला जागा आहे, पण त्याने पुरावे द्यायचे. आधी गरीब असल्याचा पुरावा. मग लायक असल्याचा, म्हणजे गुणपत्रकाचा. आणि जागा मिळाली की उपकार ओळखल्याचा: स्नेहसंमेलनात देणगीदारांसमोर उभं राहून आभाराचे चार शब्द बोलायचे, फोटोत पुढच्या रांगेत बसायचं. फी भरणाऱ्याच्या पोराला यातलं काहीच करावं लागत नाही. तो मठ्ठ असला तरी चालतो, कृतघ्न असला तरी चालतो.

तुम्हांला इतिहास सांगायला मी कोण? पण खिडकी बंद झाली की दुपारी तासभर मोकळा मिळायचा, आणि ग्रंथालयात या विषयावरची पुस्तकं धूळ खात पडलेली होती. त्यांतून कळलं की ११७९ साली रोममध्ये भरलेल्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या धर्मसभेने, प्रत्येक कॅथेड्रलला, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चला, सांगितलं होतं, एका शिक्षकाच्या चरितार्थाची सोय लावून द्या, म्हणजे तो तिथल्या धर्मसेवकांना आणि गरीब विद्यार्थ्यांना पैसे न घेता शिकवील. ज्यांच्या आईबापांची ऐपत नाही, त्यांची शिकायची संधी हुकू नये, असं कारणही त्यात दिलं आहे. पुढे १२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेला तोच नियम पुन्हा काढावा लागला, कारण पुष्कळ ठिकाणी तो पाळलाच जात नव्हता, आणि परिषदेने तसं स्वच्छ नोंदवलं. मला हसू आलं. आधी परिपत्रक, मग छत्तीस वर्षांनी स्मरणपत्र! कार्यालयात जन्म काढलेल्या माणसाला यात नवीन काय?

पण त्या नियमातली एक गोष्ट व्यवहाराची आहे. शिक्षकाच्या पोटाची सोय आधी लावा, असं त्यांनी म्हटलं. फुकट शिकवणं म्हणजे कुणीच पैसे न देणं नव्हे. पैसे कुणी तरी आधीच भरलेले असतात, म्हणून पोराकडे मागावे लागत नाहीत. येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट फादरांच्या, जुन्या शाळाही अशाच चालल्या. १५५१ साली रोममध्ये त्यांनी शाळा उघडली तेव्हा दारावर पाटी होती: व्याकरण, साहित्य आणि ख्रिस्ती तत्त्वशिक्षणाची शाळा, मोफत. खर्च देणग्यांतून आणि कायमच्या ठेवींतून निघे. १७७३ मध्ये संघच बरखास्त झाला. १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला तेव्हा त्या ठेवी गेलेल्या होत्या, आणि शेवटी १८३३ मध्ये फी घेण्यासाठी रोमकडून खास सूट मिळवावी लागली. म्हणजे फी आपल्या घरात आली ती अपवाद म्हणून, परवानगी काढून आली. आज ती यजमान होऊन बसली आहे आणि गरीब पाहुण्यासारखा दारात उभा आहे.

ज्याँ-बातिस्त द ला साल यांच्याबद्दल तुम्ही प्रवचनांत बोलता, पण मला त्यांच्या आयुष्यातले दोनच प्रसंग सारखे आठवतात. सतराव्या शतकातले हे फ्रेंच धर्मगुरू. रँस शहरातल्या कॅथेड्रलचे ते कॅनन, म्हणजे नेमून दिलेलं उत्पन्न असलेले मानाचे धर्मगुरू, घर श्रीमंत. गरीब मुलांच्या शाळांसाठी त्यांनी शिक्षक गोळा केले. हे शिक्षक उद्याच्या भाकरीची काळजी करत, तेव्हा द ला साल त्यांना देवावर भरवसा ठेवा म्हणून सांगत. शिक्षक म्हणाले, तुमचं बरं आहे. शाळा बुडाली तरी तुमचं उत्पन्न कुठे जात नाही, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ. द ला साल गप्प झाले. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपद सोडलं आणि पुढच्या दुष्काळात स्वतःची मालमत्ता अन्न वाटण्यात संपवली. त्यानंतर ते भरवशाबद्दल बोलले तेव्हा शिक्षकांनी ऐकलं.

दुसरा प्रसंग पॅरिसचा. त्यांच्या ब्रदरांच्या शाळांविरुद्ध तिथले लेखन शिकवणारे शिक्षक कोर्टात गेले. तक्रार काय, तर या मोफत शाळांत ज्यांना फी परवडते त्यांचीही पोरं बसतात, आमचा धंदा बुडतो, दाखला असलेले गरीबच घ्यावेत. १७०४ मध्ये निकाल विरुद्ध गेला, दंडही झाला. ब्रदरांना एक सोपा मार्ग होता: दारात उभं राहून गरीब कोण आणि ऐपतीचा कोण याची निवड करायची. ती त्यांनी करायची नाही असं ठरवलं होतं. शाळा सगळ्यांना मोफत, म्हणून कुणालाच गरीब म्हणून ओळखावं लागत नाही. तीनशे वर्षांपूर्वी प्रतिस्पर्ध्यांनी कोर्टात जाऊन जो दाखला मागितला, तो आज आपण आपणहून मागतो. तोही तीन प्रतींत.

याच माणसाने मुलांना वाचन लॅटिनऐवजी फ्रेंचमधून शिकवायला लावलं, हेही जाता जाता सांगते. गरिबाचं पोर शाळेत थोडाच काळ टिकतं. त्या काळात त्याला आईच्या भाषेतलं वाचता आलं तर ते आयुष्यभर वाचेल, लॅटिन अर्धवट राहिलं तर काहीच हाती लागणार नाही. शाळेची सगळी रचनाच त्या टिकणार नसलेल्या मुलाकडे पाहून केलेली. टिकणाऱ्यांचं त्यामुळे नुकसान झालं, असं कुणी म्हटलेलं मला आढळलं नाही.

शिफारसपत्राची गोष्टही अशीच. नॅनो नेगल या आयर्लंडमधल्या कॉर्कच्या. कॅथलिकांनी शाळा चालवणं कायद्याने गुन्हा होता, त्या काळात त्यांनी गरीब मुलींसाठी गुपचूप शाळा सुरू केली. घरच्यांनाही पत्ता लागू दिला नाही. बिंग फुटलं ते असं, की एक गरीब माणूस त्यांच्या भावाकडे आला आणि विनवू लागला, तुमच्या बहिणीला सांगून माझ्या लेकराला तिच्या शाळेत घ्यायला लावा. भाऊ थक्क! १७६९ पर्यंत त्यांच्या सात शाळा झाल्या होत्या. ही हकीकत सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र तो गरीब माणूस दिसतो. इतकी चांगली शाळा, तरी आपलं पोर आत जायचं तर कुणा मोठ्याची ओळख लागेल, असं त्याने धरून चाललं होतं. ओळखीशिवाय काही होत नाही हे गरिबाला शिकवावं लागत नाही. अर्जाला धर्मगुरूंचं पत्र जोडायला सांगून आपण ते पक्कं करतो. आणि ज्याचं चर्चला येणं-जाणं नाही, जो आपल्या धर्माचाच नाही, त्याने कुणाचं पत्र आणायचं? जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणावर जी घोषणा केली, तिच्यात तर स्पष्ट आहे की ज्यांच्याजवळ पैसा नाही, कुटुंबाचा आधार नाही, किंवा ज्यांना श्रद्धेचं दान लाभलेलं नाही, त्यांची काळजी शाळेने विशेष घ्यावी.

आता गुणपत्रक. खरी मेख इथेच आहे.

शिष्यवृत्त्या आपण कमी देत नाही. मुख्याध्यापकांच्या दालनात शिष्यवृत्ती मिळालेल्यांचे फोटो असतात, आणि त्यांतले बरेच खरोखर अडचणीच्या घरांतून आलेले असतात. पण ती सगळी पोरं हुशार असतात. हुशार गरीब मूल शाळेला परवडतं: निकाल चांगला लागतो, वर्तमानपत्रात नाव येतं, देणगीदाराला दाखवता येतं. नुसतं गरीब मूल, मध्यम बुद्धीचं, घरी अभ्यासाला जागा नसलेलं, दोनदा नापास झालेलं, त्याच्यासाठी कुठला निधी आहे? श्रीमंतांच्या घरातही मध्यम बुद्धीची पोरं भरपूर असतात. ती आपल्याकडे बारा वर्षं शिकून बाहेर पडतात. त्यांना कुणी सातवा रकाना भरायला लावत नाही.

तुरिनमधली १८४१ च्या ८ डिसेंबरची गोष्ट सलेशियन, म्हणजे डॉन बॉस्कोंच्या संस्थेच्या, घरांत लहानपणापासून सांगतात. एक पोरका मुलगा चर्चच्या मागच्या खोलीत शिरला. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणाला, म्हणून तिथल्या सेवकाने त्याला झोडपून हाकलला. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावलं. वाचता येतं? नाही. लिहिता येतं? नाही. गाता येतं? नाही. शीळ घालता येते? पोरगा हसला. गोष्ट सांगताना आपण त्या हसण्यापाशी थांबतो. पण बघा, प्रश्न विचारणारा एकेक पायरी खाली उतरत गेला, मुलाला ‘होय’ म्हणता येईल अशी जागा सापडेपर्यंत. प्रवेशपरीक्षा पायऱ्या चढवत नेते, मूल ‘नाही’ म्हणेपर्यंत. (आपल्या कार्यालयांत त्या सेवकाचं काम कोण करतं, हे मला विचारू नका. ते मी पुष्कळ केलं आहे, फक्त झाडू हातात नव्हता.)

इटलीतल्या टस्कनीच्या डोंगरात बार्बियाना म्हणून एक वस्ती आहे. तिथे १९५४ मध्ये फादर लोरेंझो मिलानी यांना पाठवलं गेलं, खरं तर अडगळीत टाकल्यासारखं. त्यांनी सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेल्या शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या पोरांना जमवून शिकवलं. सगळ्यांत मागे पडलेल्याला समजल्याशिवाय वर्ग पुढे जायचा नाही, अशी तिथली रीत. १९६७ मध्ये ते गेले. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, पोप फ्रान्सिस त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना करून आले. आपल्यात असं होतं खरं. ऑस्ट्रेलियात मेरी मॅकिलप यांनी गरीब मुलांच्या शाळा उभारल्या, त्यांना १८७१ मध्ये बिशपांनी बहिष्कृत केलं, पुढच्याच वर्षी तो बहिष्कार उठला, आणि २०१० मध्ये त्या संत म्हणून जाहीर झाल्या. बिशप महोदय, राग मानू नका. सांगायचं एवढंच की गरिबांच्या शाळेवरून वरिष्ठांशी वाजणं ही आपल्याकडे जुनी परंपरा आहे, म्हणून मीही हे पत्र लिहायला धजावले.

कागदावर काय आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. १९७७ मध्ये रोमच्या शिक्षण विभागाने कॅथलिक शाळेवर जो दस्तऐवज काढला, त्यात लिहिलं आहे की शाळेने केवळ किंवा मुख्यतः श्रीमंत वर्गाकडेच लक्ष दिलं, तर ती त्यांचं वरचं स्थान टिकवायला मदत करील आणि अन्यायी समाजाला खतपाणी घालील. हे बाहेरच्या कुणा टीकाकाराने म्हटलेलं नाही. त्याच्या चार वर्षं आधी, १९७३ मध्ये, येशूसंघाचे प्रमुख फादर पेद्रो आरुपे यांनी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या भरसभेत विचारलं, आम्ही तुम्हांला न्यायासाठी घडवलं का? आणि स्वतःच उत्तर दिलं: नाही. समोर बसलेल्यांना ते झोंबलं. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पोप लिओ चौदावे यांनी गरिबांवरच्या प्रेमाविषयी जे पत्र प्रसिद्ध केलं, त्यातही गरिबांचं शिक्षण हा उपकार नसून कर्तव्य आहे, हाच सूर आहे. कर्तव्याला अर्ज लागत नाही, एवढंच मी त्यात माझ्या पदरचं घालते.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं खरं, पण पगार कुठून द्यायचे? हा प्रश्न मी झटकणार नाही. पगारपत्रक माझ्याच हाताखालून जायचं.

आपल्या स्वस्त शाळा कुणाच्या जिवावर चालल्या, हे आधी मान्य करायला हवं. अमेरिकेत १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, दोन वर्षांत शाळा काढा म्हणून फर्मावलं, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कॅथलिक शाळांत ५२ लाखांच्या आसपास मुलं होती. त्यांना शिकवणाऱ्या बहुतेक सिस्टर. त्यांना मिळे तो जेमतेम हातखर्च. १९६५ मध्ये त्या देशात सिस्टरांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या घरात होती. ती घसरत गेली, त्यांच्या जागी संसारी शिक्षक आले, त्यांना पगार द्यावा लागला, फी वाढली, शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या शाळा आधी बंद पडल्या. आज तिथे १७ लाखांच्या आसपास मुलं उरली आहेत. म्हणजे मोफत शिक्षणाचा खर्च पूर्वीही होताच, तो सिस्टरांच्या आयुष्यातून वळता होत होता आणि कुठल्याच खतावणीत दिसत नव्हता. त्यांच्या नावाने आता शिक्षकांना तुटपुंज्या पगारावर राबवा, असं मी म्हणणार नाही. शिक्षकाला उपाशी ठेवून गरिबाची सेवा होत नाही, हे द ला साल यांच्या शिक्षकांनी केव्हाच ऐकवलं आहे.

पण मार्ग काढणाऱ्यांनी काढले आहेत. १९५५ मध्ये काराकासच्या एका झोपडवस्तीत फादर होसे मारिया वेलास यांना शाळेसाठी जागा हवी होती. आब्राम रेयेस नावाच्या गवंड्याने आणि त्याच्या बायकोने आपल्या हातांनी बांधलेलं घर देऊन टाकलं. शंभर मुलं आली, जमिनीवर बसली. त्यातून ‘फे इ आलेग्रिया’ ही संस्था उभी राहिली, आणि आज ती लॅटिन अमेरिकेच्या बहुतेक देशांत आणि त्यापलीकडेही आहे. तिचा हिशेब साधा आहे: वस्ती हातभार लावते, व्यवस्थापन संस्था पाहते आणि शिक्षकांचे पगार जिथे शक्य तिथे सरकारकडून घेतले जातात. जिथे डांबरी रस्ता संपतो तिथे आमचं काम सुरू होतं, असं ते सांगतात. शिकागोमध्ये १९९६ साली ‘क्रिस्तो रे’ शाळा निघाली, तिथे कमी मिळकतीच्या घरांतलीच मुलं घेतात. मुलं महिन्यातून पाच दिवस कचेऱ्यांत काम करतात आणि त्या कामाचा मोबदला शिक्षणाच्या खर्चात जातो. पोराने आपली फी कमवावी ही कल्पना मला पूर्णपणे पटत नाही, पण त्यांनी दार कुणासाठी उघडायचं हे आधी ठरवलं आणि पैशाचं गणित नंतर जुळवलं. आपण उलट करतो: खर्च भागवून जे उरेल त्यात गरीब बसवतो.

शिवाय जमीन आहे, इमारती आहेत, ठेवी आहेत. चर्चच्या कायद्यात कलम १२५४ आहे, त्यात चर्चने मालमत्ता कशासाठी बाळगावी ते दिलेलं आहे: उपासना, धर्मसेवकांचा उचित चरितार्थ, आणि प्रेषितकार्य व दानधर्म, तेही विशेषतः गरजूंसाठी. कलम ८४८ तर मला फार आवडतं. गरिबीमुळे कुणी संस्कारांपासून वंचित राहू नये याची संस्कार देणाऱ्याने काळजी घ्यावी. बाप्तिस्म्याच्या वेळी कुणी मिळकतीचा दाखला मागत नाही. त्याच मुलाला सहा वर्षांनी शाळेत घालायला नेलं की त्याच आवारात मागतात. दोन इमारतींमध्ये पन्नास पावलांचं अंतर असतं.

एक कटू गोष्ट टाळता येत नाही. गरिबांची सेवा या नावाखाली आपल्याच संस्थांत काय झालं, हेही जगाने पाहिलं आहे. आयर्लंडमध्ये व्रतस्थ संस्था चालवत असलेल्या औद्योगिक शाळांत आणि सुधारगृहांत गरीब, पोरकी मुलं ठेवली जात. २००९ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला. मारहाण नित्याची, मुलग्यांच्या संस्थांत लैंगिक अत्याचार सर्रास. त्या मुलांच्या बाजूने जाब विचारायला कुणी नव्हतं. फी भरणारा बाप दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात येऊन ओरडतो. ज्याच्यावर उपकार झाले आहेत तो बाप पोराच्या पाठीवर वळ दिसले तरी विचार करतो: बोललो तर सवलत जाईल. म्हणून ‘सवलत’ या शब्दाची मला भीती वाटते. हक्काने बसलेलं मूल तक्रार करू शकतं. कृपेने बसलेलं मूल आभार मानतं.

मग मी मागते काय? मोठं काही नाही. निदान सुरुवात मोठी नको.

मदत आणि गुणपत्रक यांची फारकत करा. हुशारीला बक्षीस द्यायचं तर खुशाल द्या, श्रीमंताच्या पोरालाही द्या, पण ज्या निधीवर ‘गरिबांसाठी’ लिहिलं आहे त्यातून मार्क वजा करा. शिफारसपत्र काढून टाका. अर्ज चार पानांचा एका पानावर आणा, आणि तो खिडकीशी रांगेत भरून घेऊ नका. आत खोली आहे, खुर्ची आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्याच अध्यायात आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला म्हणता इथे चांगल्या जागी बसा, आणि मळक्या कपड्यांतल्याला म्हणता तू तिथे उभा राहा. मी ते पत्र मिस्सामध्ये किती तरी वेळा ऐकलं आणि सोमवारी सकाळी दहा वाजता लोकांना उभं केलं.

फी थकली म्हणून परीक्षेचं प्रवेशपत्र अडवू नका. पैशाचं भांडण मोठ्यांचं, त्यात मूल ओलीस कशाला? आमच्याकडे थकबाकीदार मुलांची नावं वर्गात वाचून दाखवायची पद्धत होती. यादी मी टंकलिखित करायची. एक मुलगा नाव पुकारायच्या आधीच उठून उभा राहायचा, म्हणजे मग शिक्षकांना नाव घ्यावं लागत नसे. त्याला माझ्या यादीतला आपला क्रमांक पाठ झाला होता.

आणि वर्षाच्या शेवटी निकालाची टक्केवारी छापता त्याच पानावर दोन आकडे छापा: या वर्षी पैशाअभावी किती मुलांना नाही म्हटलं, आणि किती मुलं मध्येच सोडून गेली. जगभरात आपल्या सुमारे एक लाख प्राथमिक शाळा आहेत, माध्यमिक पन्नास हजारांच्या आसपास. हे मोठे आकडे आपण अभिमानाने सांगतो. हे दोन छोटे आकडे प्रत्येक शाळेच्या कार्यालयात असतात. माझ्यासारख्या कुणाला तरी ते तोंडपाठ असतात. विचारलं तर ती सांगेल, पण तिला कुणी विचारत नाही.

पत्रासोबत तो कोरा अर्ज जोडत आहे. तुमच्यातले बरेच जण साध्या घरांतून आला आहात, शेतमजुरांच्या, गवंड्यांच्या, घरकाम करणाऱ्या आयांच्या. एकदा तो स्वतः भरून पाहा. आजच्या पत्त्यावरून नको, तुम्ही पहिलीत होतात त्या घरातून, आईच्या किंवा वडिलांच्या नावाने. खाणारे किती, ते खरं लिहा. तेव्हाचे मार्क आठवत असतील तर तेही. आणि सातवा रकाना भरून झाला की अर्ज तुमच्याच शाळेच्या समितीकडे नाव न सांगता पाठवून द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त लेखनिक